उजव्या गालावरचा तीळ

आटपाडीचं लग्न आटोपून मी दुपारच्या एसटीनं विट्याला परतलो, स्टुडिओचं दार ढकललं आणि नाकात कुजक्या अंड्यांचा वास शिरला.

"शालन, सेपिया कुणाचा केलास?" मी चपला न काढताच विचारलं.

शालन, माझी बायको, काउंटरमागं बसून पासपोर्ट फोटोंचे काठ कापत होती. तिनं मान वर केली नाही.

"कुणाचा न्हाई. मोरी तुंबलीया."

फोटोला जुन्या काळचा तपकिरी रंग द्यायचा तर त्याला दोन औषधांत घालावं लागायचं. पहिल्यात फोटो जवळजवळ पुसून जातो. दुसऱ्यात, म्हणजे सल्फाइडमध्ये, तो तपकिरी होऊन परत येतो. या सल्फाइडची बाटली उघडली की समोरच्या दुकानातली माणसंही नाकाला रुमाल लावत. बारा वर्षं मी तो वास घेत आलो होतो. मला कुणी मोरीचं सांगावं?

तरी मी आत जाऊन मोरीत तांब्याभर पाणी ओतलं. घळाघळा गेलं. मग डार्करूममध्ये शिरून बाटली उजेडात धरली. मी जात्याच संशयी माणूस. सगळ्या बाटल्यांवर औषध कुठवर आहे त्याची पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायचो. सल्फाइड रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

मी बाहेर आलो आणि चहा मागितला. तोंडावर विचारून मोकळं व्हावं, असा स्वभाव असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चहा पिऊन पायरीवर उभा राहिलो, तर समोरच्या अवसरे टेलरनं मशीन थांबवून हाक मारली.

"दिनकरराव, काल दुपारी दुकान बंद हुतं व्हय तुमचं?"

"का हो?"

"न्हाई, दोन गिऱ्हाइकं दार वाजवून परत गेली. आतनं कडी हुती." त्यानं दाताखालचा दोरा तोडला. "वैनी आतच हुत्या. हसायचा आवाज येत हुता. आन कायतरी धावल्यावानी. आता आपल्याला काय करायचंय म्हणा."

आपल्याला काय करायचंय म्हणणाऱ्या माणसाला सगळंच करायचं असतं, हे मलाही कळत होतं. पण शब्द कानात गेले ते गेलेच. भरदुपारी आतून कडी. हसणं. धावणं. माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि ती आठ दिवस गप्प बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाचे रोल धुवून फोटो छापले आणि ते सुकवायला टीपकागदाची जाड वही उघडली. पहिल्याच पानात एक फोटो होता. तपकिरी, हाताच्या पंजाएवढा.

फेटा बांधलेला एक पुरुष. काळा कोट, पीळ दिलेल्या मिशा, हातात काठी. मान जरा तिरपी, एक भुवई वर, आणि ओठ असे दाबलेले की आता हसेल की मग. उजव्या गालावर ठसठशीत तीळ. क्षणभर वाटलं, कुणीतरी आपल्या पणजोबांचा फोटो नक्कल करायला आणून दिला असेल. अशी कामं आमच्याकडं यायचीच.

पण माझ्या धंद्यात डोळा माणसावर थांबत नाही. तो आधी मागं जातो. माणसाच्या मागं आमचा पडदा होता. राजवाड्याची बाग, तळं आणि तळ्यात हंस. मागच्या पावसाळ्यात छत गळून त्या हंसाची मान वाहून गेली होती. दसऱ्याला मीच ती ऑइलपेंटनं नवी काढली, ती जाड झाली, आणि शालन त्याला बदक म्हणून चिडवायची. फोटोतल्या हंसाला तीच जाड मान होती. म्हणजे हा कुणाचा पणजोबा नव्हता. गेल्या दोन महिन्यांत, माझ्या स्टुडिओत, माझ्या खुर्चीवर हा माणूस बसला होता. कोटही आमचाच, गिऱ्हाइकांसाठी खुंटीवर ठेवलेला. अर्ध्या तालुक्यानं तो अंगात घालून फोटो काढले होते.

आणखी एक दिसलं. हंस असतो डावीकडं, फोटोत तो उजवीकडं होता. निगेटिव्ह उलटी घालून छापली होती. नवशिक्याची चूक. मी अशी करणार नाही, म्हणजे छापला शालननंच. तिला डार्करूमचं काम मीच शिकवलं होतं. घाईत होती, मी मनाशी म्हणालो. आणि ताज्या फोटोला सेपिया कशाला दिला? तर तो मला जुना वाटावा, मी त्याच्याकडं बघूसुद्धा नये म्हणून. माझ्या हुशारीचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं.

फोटो शर्टाच्या आत घालून मी डार्करूमच्या दाराचा पडदा सारला, तर शालन पडद्याला लागूनच उभी. पदर तोंडावर धरलेला.

"काय गं?"

"काय न्हाई." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर हळूहळू खाली आला. "झाले फोटू सुकवून?"

"घालतोय."

"वही उघडली का?"

"उघडली की. का?"

"काय न्हाई," ती पुन्हा म्हणाली आणि आत भाकरी थापायला गेली. पाळत ठेवत होती, मी मनाशी म्हटलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मी विट्यात तो माणूस शोधायला लागलो. पानाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, मंगळवारच्या बाजारात मी लोकांचे उजवे गाल बघत हिंडलो. फोटोत हात नाजूक दिसत होते, म्हणून शेतकरी सोडून दिले. मास्तर असेल नाहीतर कारकून. कचेरीतल्या एका कारकुनाच्या उजव्या गालावर तीळ सापडला. तीन चकरा मारल्यावर त्यानं विचारलं, "पाहुणे, काही काम होतं का?" त्याला मिशाच नव्हत्या. मग मिशा काढल्या असतील, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

घरी मी डोळ्यांत तेल घालून बसलो. बारा फोटोंचा एक अख्खा रोल कमी होता. शालनचं गंगावन, जे ती सणासुदीला वेणीत घालायची, खुंटीवर टांगलेलं असायचं, ते एका बाजूनं कातरलेलं दिसलं.

"हे काय झालं?"

"उंदरानं खाल्लं आसंल," ती म्हणाली आणि झटकन तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते, कळलं नाही. आठवण म्हणून बायका केस कापून देतात, हे मला कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं.

दोन दिवसांनी ती टीपकागदाची वही चाळताना दिसली. एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली.

"काय शोधतीयास?"

"हितं येक फोटू हुता."

"कसला?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. माझा चेहरा बंद कपाटासारखा. मी मुद्दामच तसा ठेवला होता, तिनं आपण होऊन कबूल करावं म्हणून.

"तुमास्नी खरंच म्हाईत न्हाई?"

"मला काय माहीत असणार?"

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. त्या दिवसापासून घरातलं हसणं बंद झालं. ती माझ्याकडं चोरून बघायची, मी तिच्याकडं. जेवताना वाटी पुढं सरकवायचो, पण शब्द नाही. लग्नाला आमच्या सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं, पण घर कधी असं मुकं नव्हतं.

शुक्रवारी ती म्हणाली, "उद्या लेंगऱ्याला जाऊन येऊ का? तात्यांची लई आठवण येतीया."

लेंगरे तिचं माहेर, विट्याजवळच. तात्या तिचे वडील. एरवी मी लगेच हो म्हटलं असतं. पण त्या दिवशी मला वाटलं, लेंगऱ्याचं नाव सांगून ही दुसरीकडंच जाणार. नाहीतर तो माणूस लेंगऱ्याचाच असेल.

"जा की," मी म्हणालो. "दुपारच्या गाडीनं जा."

आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं मीच लेंगऱ्याला गेलो. खिशात फोटो होता. ठरवून गेलो होतो, तात्यांपुढं फोटो टाकायचा, आणि दुपारी शालन आली की तिला तिथंच ठेवून घ्या म्हणून सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी तोंडावर बोलणार होतो, आणि तेही तिच्या तोंडावर नव्हे.

तात्या सोप्यात बसून सुतळी वळत होते. मला बघून त्यांनी गडबडीनं घोंगडं झटकलं.

"या या, जावईबापू! येकलंच? शालन कुठाय?"

"तिच्याबद्दलच बोलायचंय."

मी बसलो नाही. फोटो त्यांच्या हातात दिला आणि सगळं ओकून मोकळा झालो. कडी लावलेलं दार, हसणं, रोल, गंगावन, सगळं. "मी नसताना तुमच्या लेकीनं ह्या माणसाला माझ्या खुर्चीवर बसवलं. कोण आहे हा? तुम्ही सांगा, नाहीतर तिला विचारून सांगा. तोवर ती इथंच राहील."

तात्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. ते फोटो घेऊन अंगणात उन्हात गेले. हात लांब करून बघितलं, मग जवळ आणलं. बराच वेळ गेला. आणि मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

"आबा," ते म्हणाले.

"कोण आबा?"

"माझा बा, जावईबापू. पर ह्यो कुटनं आला?" त्यांनी फोटो उलटून मागची बाजू बघितली. "बा पटकीत गेला तवा मी आठ वर्साचा. त्येचा फोटू कुनी काढलाच न्हवता. म्हाळाला पितरांच्या पानाव आमी सुपारी मांडतो त्येच्या नावानं. साठ वर्सं झाली सुपारी मांडतुया."

"तात्या, हा फोटो दसऱ्यानंतरचा आहे. मागं माझा पडदा आहे. तुमचे वडील कसे असतील?"

तात्यांनी पुन्हा फोटो बघितला. आता त्यांच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, आणि डोळ्यांतून पाणीही.

"मग आमच्या वंशात आबाचं तोंड घिऊन जलमल्यालं येकच हाय. लहानपनापासनं सांगत आलोय तिला, पोरी, तुला निस्त्या मिशा लावायच्या ऱ्हायल्यात." ते थांबले. "पर तीळ कसा हिकडं गेला? आबाचा डाव्या गालाव हुता. शालनचाबी डाव्याच."

निगेटिव्ह उलटी होती. हे मी पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं. हंस जागेवर नाही हे मला दिसलं, कोटाचा वरचा खिसा दुसऱ्या बाजूला गेला हे दिसलं, आणि माझ्या बायकोचा तीळ मात्र मी सात दिवस दुसऱ्यांच्या गालावर शोधत होतो.

सोप्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, तात्यांचा दाढीचा आरसा टांगला होता. मी त्यांच्या हातातून फोटो घेतला आणि आरशापुढं धरला. आरशात हंस डावीकडं गेला, तीळ डाव्या गालावर आला, आणि फेट्याखालून, गंगावनाच्या मिशांवरून शालन माझ्याकडं बघायला लागली. वर केलेली ती भुवई तिचीच. मला बदकावरून चिडवताना ती हीच भुवई वर करायची.

मी मेढीला टेकून खाली बसलो. मला इतकी लाज वाटली की अंगणातल्या कोंबड्यांनी माझ्याकडं बघू नये असं झालं.

तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "जावईबापू, तुमी मगाशी कायतरी बोलत हुता," ते म्हणाले. "मला ऐकू आलं न्हाई. अलीकडं कानाला जरा कमीच हाय."

तात्यांचे कान खणखणीत होते. शेजारच्या आळीत म्हैस हंबरली तरी कुणाची ते सांगायचे.

मी निघताना फोटो मागितला, तर त्यांनी तो छातीशी धरला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. माझ्या बाचा दुसरा कुठं हाय?"

मी रिकाम्या हातानं विट्याला आलो. शालन दुपारच्या गाडीला निघायच्या तयारीत, पिशवी भरून काउंटरवर ठेवलेली. माझ्या चपलांवरची लाल धूळ तिनं बघितली.

"लेंगऱ्याला गेला हुता?"

"हो."

"फोटू तुमीच घेतला हुता न्हवं?"

"हो."

"कुठाय?"

"तात्यांनी ठेवून घेतला." मी हसायचा प्रयत्न केला. "त्यांना वाटलं, आबाच. शालन, काय फोटो काढलास गं! सगळा टायमर लावून? दहा सेकंदांत पळत जाऊन बसलीस? काठी बिठी घेऊन?"

ती हसली नाही. "तात्यास्नी कशापायी दावायला नेला?"

मी वाकून चपला काढायला लागलो. ती हुशार होती. कडी, वही, गंगावन, माझा आठ दिवसांचा चेहरा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून एकेक करत गेलं असावं. तिनं पिशवी उचलून खाली ठेवली आणि स्टुलावर बसली.

"तुमी तात्यास्नी इच्यारलंसा," ती म्हणाली. "मला न्हाई."

"चुकलं माझं."

"अकरा फोटू वाया गेले. कवा फेटा सुटायचा, कवा मिशी गळायची. मी येकटीच हसत हुते येड्यावानी. बारावा नीट आला. सुलटा छापला तर माझीच मला वळख पटंना. आरशात मी तशी न्हाई दिसत. मग उलटा छापला. सेपिया केला, म्हंजे खरंच आबा वाटंल." ती काठ कापायच्या कात्रीकडं बघत बोलत होती. "वहीत वरच ठेवला हुता. पयल्या पानात. तुमच्याच हाताला लागावा म्हणून. तुमी हसत भाईर येनार म्हणून मी पडद्याला कान लावून हुबी हुते."

मला पडद्याआडचा तो पदर आठवला. आणि हळूहळू खाली आलेला.

"अगं, मग सांगायचंस ना," मी म्हणालो.

"मी रोज वाट बघत हुते, आज इच्यारतील, उद्या इच्यारतील. मग भ्यायला लागले. म्हटलं, ह्यो मानूस फोटू घिऊन गप बसतुया, ह्येच्या मनात काय हाय?"

मी पुन्हा चुकलं म्हणालो. ती बरं म्हणाली आणि चुलीकडं गेली. लेंगऱ्याला गेली नाही. रुसलीही नाही, पुढं संसार झाला, दोन मुलं झाली, सगळं झालं. पण नंतर मी कितीदा तरी म्हणालो, "शालन, बस खुर्चीवर, एक तुझा काढतो," तर ती सरळ मान करून, ओठ मिटून बसायची. बँकेला फोटो देतात तशी. ती भुवई माझ्या कॅमेऱ्यापुढं पुन्हा कधी वर गेली नाही.

तात्यांनी लेंगऱ्याला तो फोटो चौकटीत बसवून सोप्यात लावला. भावकी येऊन बघून गेली, आबा किती रुबाबदार होते म्हणाली. फक्त त्याला हार कधी घातला नाही. जित्या लेकीच्या फोटोला हार कोण घालील? पण हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. कुणी विचारलं तर तात्या सांगायचे, "आबास्नी फुलांचा वास सोसत न्हवता." तोच घरचा नियम झाला. दर म्हाळाला मी शालनसोबत जायचो, फोटोपुढं वाकून नमस्कार करायचो. ती शेजारी उभी असायची. एकदाही हसली नाही, आणि एकदाही मी तिच्याकडं बघायचं धाडस केलं नाही.

तात्या जाऊन आता वीस वर्षं झाली. शालन गेल्या चैत्रात गेली. घरात तिचा बँकेचा फोटो मोठा करून लावलाय. सरळ मान, मिटलेले ओठ.

या म्हाळाला मी एकटाच लेंगऱ्याला गेलो. विट्याच्या स्टँडवरून शेवंतीचा हार घेतला. पितरांना नमस्कार झाल्यावर स्टुलावर चढलो आणि हार चौकटीला अडकवला. तीळ झाकला जात होता, म्हणून जरा खाली सरकवला.

शालनचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा, धावत आला. "मामा, मामा, काय करताय? आबांना हार चालत नाही. तात्यांचा नियम आहे."

"आता चालतो," मी म्हणालो.